भागूबाईचा डबा

८ नोव्हेंबर १९५३, रविवार

होडीचं मशीन आलं! स्टेशनावरून बैलगाडीतून, गवतात गुंडाळून. सगळं पाचूबंदर किनाऱ्यावर लोटलं होतं. मिस्सा आटोपून फादर तसेच आले, त्यांनी आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. हिंदू आळीवाल्यांनी नारळ फोडला. मग सेबेस्टियनमामा होडीवर चढला. तो आमचा तांडेल, होडीचा मुखिया, नि माझ्या आईचा भाऊ. खणखणीत आवाजात म्हणाला, "आमचा आग्नेल माझगावला आठ वर्सं फिटर व्हता. मशीन त्याच्या हाती. बाकी कोनी हात लावायचा नाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुलियानानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला मान वर करवेना.

या वहीत तरी खरं लिहितो. मी फिटर नव्हतो. वर्कशॉपात स्टोअरच्या खिडकीत बसायचो, फिटरांना पाने द्यायचो आणि सुट्टीच्या भोंग्याला परत घ्यायचो. लग्न ठरताना जुलियानाच्या वडिलांना 'फिटर' सांगितलं, ते चिकटलं ते चिकटलंच. आठ वर्षं फिटरांची बोलणी ऐकली आहेत, नावं सगळी तोंडपाठ आहेत. होईल कसंतरी.

९ नोव्हेंबर, सोमवार

नाही झालं.

दोनदा दोरी ओढली तोच मशीन असं सुरू झालं की बंदरावरची कुत्री पळाली. दहा मिनिटं झकास. मग खोकलं आणि गप्प. थोडं थांबून पुन्हा ओढलं, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा गप्प. असं चार वेळा. शेवटी शत्रुघ्ननं वल्हं काढलं. तो मासळी विकणाऱ्या भागूबाईचा थोरला, आमच्या होडीवर खलाशी आहे, कमी बोलतो.

मी म्हणालो, "नवीन आहे, कार्बोरेटर बसायला वेळ लागतो." सगळ्यांनी मान डोलावली. कार्बोरेटर कसा बसतो ते मला विचारू नका.

घरी जेवण गेलं नाही. जुलियाना म्हणाली, "तुमचं तोंड असं का झालंय?" मी म्हटलं, काही नाही, मशीनचं काम म्हणजे डोक्याला ताप असतो. ती बराच वेळ अल्तारासमोर गुडघे टेकून होती.

१० नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं! टाकीच्या झाकणावर एक बारीक स्क्रू आहे. तो सैल करायचा असतो, म्हणजे टाकीत हवा शिरते. मी बंदच ठेवला होता. हवा नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. अरे गाढवा आग्नेल! शाळेतल्या पोरालाही कळेल.

कुणी बघत नाही असं पाहून स्क्रू सैल केला. मग फडक्याला हात पुसत मामाला सांगितलं, "कार्बोरेटर पूर्ण उघडून साफ केला, आता बघ." खाडीच्या तोंडापर्यंत गेलो नि आलो. मामानं पाठ थोपटली. पाठ थोपटली तेव्हा मला आनंदच झाला, हेही लिहून ठेवतो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

आता नवीनच दुखणं. सुरू होतं, चालतं, मग फट्... फट्... असं अडखळतं, मधेच जोर धरतं, पुन्हा अडखळतं. स्क्रू सैलच आहे, तीनदा बघितला.

पेट्रोलची व्यवस्था अशी आहे. पंप स्टेशनापाशी. भागूबाई सकाळी मासळीची पाटी घेऊन माणिकपूर, आचोळ्याकडे घरोघर फिरते. परतताना पाटी रिकामी असते, तिच्यात पेट्रोलचा डबा ठेवून डोक्यावरून आणते. मजुरी घेत नाही. म्हणते, "माझाच पोरगा हाय ना होडीवर, मना कसली मजुरी?" तिच्या गिऱ्हाइकांनी कुरकुर केली म्हणे, बोंबलाला पेट्रोलचा वास येतो म्हणून. तर तिनं पाटीत डब्याखाली केळीची पानं घालायला सुरुवात केली.

डबा आणून ती माझ्या पडवीत ठेवते. मी त्यात मापानं तेल घालून ढवळतो. रात्रभर डबा तिथंच. सकाळी मी तो होडीवर नेतो.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

आज खरोखरच कार्बोरेटर उघडला. किनाऱ्यावर गोणपाट अंथरून बसलो, भोवती सात-आठ जण. एक स्प्रिंग उडून वाळूत गेली. सगळ्यांनी वाळू चाळली तेव्हा मिळाली. मी फुंकरलं, पुसलं, जसं होतं तसं बसवलं, देवाच्या कृपेनं काही उरलं नाही. प्लग काढला, घासला. मशीनमध्ये काडीचा फरक नाही.

जुलियाना हल्ली फार देवदेव करते. आज चर्चमधून पुन्हा बाटली भरून आणली. ईस्टरला आणलेलं पाणी आमच्याकडे वर्षभर पुरतं. एवढं लागतं कशाला, विचारलं, तर म्हणाली, "घरात लागतंय." मी पुढं काही बोललो नाही. माझं लक्ष मशीनमध्ये.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आज वाईट दिवस.

मासळी चांगली लागली होती. परतताना खाडीच्या तोंडाशी मशीननं तीन आचके दिले आणि बसलं. ओहोटी जोरात. मी दोरी ओढतोय, ओढतोय, तळहाताची साल निघाली, आणि किनाऱ्यावरचा किल्ला लहान लहान होत चाललाय. मामा मशीनच्या भरवशावर शिडाची काठी घरीच ठेवून आला होता. शेवटी शत्रुघ्न आणि दुसरे दोघे वल्ह्यांना भिडले. चार तास. किनाऱ्याला लागलो तेव्हा लिलाव संपला होता, व्यापारी निघून गेले होते. एवढी मासळी वाळत घालायच्याही लायकीची उरली नाही.

मामा मला एवढंच म्हणाला, "आग्नेल, कारन काय ता शोध." रागावला असता तर बरं झालं असतं.

जुलियाना दारातच उभी होती. माझे तळहात बघून रडली.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

कारण सापडलं! यावेळी खरं.

वर्कशॉपात एकदा एका जुन्या फिटरला करताना पाहिलं होतं ते आठवलं. डब्यातलं पेट्रोल तळापासून काचेच्या बाटलीत काढलं आणि ठेवून दिलं. पाव तासात तळाला वेगळा थर. पाणी! पेट्रोल वर, पाणी खाली. पाणी कार्बोरेटरात गेलं की मशीन पेटणार कसं?

थर वेगळा काढून जिभेवर घेतला. थू! पेट्रोलचा वास, पण चव खारट. समुद्राइतकी नाही, जरा मचूळ. आणि तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. भागूबाईच्या दारातली विहीर अशीच मचूळ आहे.

वाटेत डबा हिंदकळला असेल, पेट्रोल सांडलं असेल, ओरडा नको म्हणून बाईनं घरी थांबून डबा पाण्यानं भरून काढला. दुसरं काय असणार? एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा मला खऱ्या फिटरसारखं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

लिलावाच्या वेळी सगळ्यांसमोर बाटली दाखवली. थर दाखवला. मामानं चाखून पाहिलं, म्हणाला, "खारट हाय." मी म्हणालो, "पाचूबंदरात असं मचूळ पाणी कुठल्या विहिरीचं, ते तुम्हीच सांगा."

मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही, सगळ्या माना तिकडे वळल्या.

भागूबाई पाटी खाली ठेवून उभी राहिली. "मी पानी घातला? आग्नेल, तुझ्या आयेसंगं मी बाजार केलाय. तुना मी खांद्यावर खेळवलाय. मी पानी घातला?"

मी म्हणालो, "मावशी, मी कुठं नाव घेतलं? मी बाटली दाखवली. बाटली खोटं बोलत नाही."

वा रे वा! हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. शत्रुघ्ननं होडीतलं आपलं वल्हं उचललं, आईचा हात धरला, आणि दोघं निघून गेली. यापुढे डबा मीच आणायचा ठरलं.

२२ नोव्हेंबर, रविवार

मिस्साला गेलो. काही लिहावंसं वाटत नाही.

२५ नोव्हेंबर, बुधवार

काल डबा मी स्वतः आणला. पंपावर डोळ्यांदेखत भरून घेतला, झाकण फडक्यानं आवळलं, टांग्यात मांडीवर धरून बसलो. पडवीत ठेवला. आज सकाळी नेला.

फट्... फट्...

मामानं माझ्याकडे बघितलं. मी पटकन म्हणालो, "टाकीत जुनं पाणी राहिलंय. निघून जाईल हळूहळू." कसं सुचतं मला हे? तोंड उघडलं की खोटं तयार असतं, भाकरीसारखं गरम.

शत्रुघ्नच्या जागी घेतलेला माणूस नवखा आहे. भागूबाईला लिलावात कुणी मासळीचा वाटा देत नाही. जी बाई पेट्रोलात पाणी घालते तिचा काय भरवसा, असं लोक बोलतात. आज ती दुसऱ्या टोकाला, खाजणाच्या चिखलात खेकडे-चिंबोऱ्या धरायला गेली होती म्हणे. या वयात.

मग पाणी येतंय कुठून? पंपवाला? की रात्रीचं दव? डबा गच्च बंद असतो. काही कळेनासं झालंय.

२८ नोव्हेंबर, शनिवार

कळलं.

प्लगचा पाना घरी विसरलो होतो म्हणून भर दुपारी परत आलो. उद्याच्यासाठी आणलेला डबा पडवीत होता. जुलियाना त्याच्यासमोर गुडघ्यावर. डब्याचं झाकण काढलेलं, त्यात माझंच नरसाळं, आणि हातातली आशीर्वादाच्या पाण्याची बाटली ती तोंडानं प्रार्थना म्हणत नरसाळ्यात उपडी करत होती. सगळी.

मी उभाच राहिलो. ती दचकली, मग हसली. म्हणाली, "तुमाला सांगनार व्हते मशीन बरं झाल्यावर. पयल्या दिवशी तुमी तोंड पाडून आलात ना, तवापासून घालतेय. सुरुवातीला चमचाभर. मशीन ऐकत नाय, म्हणून वाढवत गेले. आता बाटली घालते."

बाटली!

मी तिच्या हातातून ती घेतली, उरलेले दोन थेंब जिभेवर टाकले. मचूळ. खारट. अरे देवा! पाण्याला आशीर्वाद देताना फादर त्यात मीठ घालतात. लहानपणी मी अल्तारावर सेवा करायचो, मिठाची वाटी मीच धरायचो. आणि त्या दिवशी मला आठवली ती भागूबाईची विहीर.

ओरडणार होतो, पण ओरडू कुणावर? तिनं विचारलं, "काय चुकलं का माझं?" मी म्हटलं, "नाही. फक्त पेट्रोलात पाणी चालत नाही." तिचं तोंड हळूहळू पांढरं पडत गेलं. ती एवढंच म्हणाली, "मग भागूबाय?"

मी पाना घेतला आणि निघालो.

१ डिसेंबर, मंगळवार

टाकी धुतली, डबा धुतला, कार्बोरेटर धुतला. तीन दिवस मशीन असं चालतंय की दृष्ट लागावी. मासळी वेळेवर, पहिला लिलाव आमचा.

आणि आता लोक काय म्हणतात? "बघा, भागूबायच्या हातचा डबा सुटला, नि मशीन सुधारला." मी काही बोललो नाही तरी माझी गोष्ट आपोआप खरी होत चालली आहे. जुनं पाणी हळूहळू निघून जाईल म्हणालो होतो ना? गेलं. चोख पुरावा.

जुलियाना रोज संध्याकाळी विचारते, "सांगितलं?" मी म्हणतो, "उद्या." काल तिनं विचारलंसुद्धा नाही.

तिचं नाव सांगितलं तर अख्खं बंदर तिला हसेल, हे मी स्वतःला सांगतो. हेही खोटंच आहे. खरी भीती मला माझ्याच अब्रूची वाटते आहे.

४ डिसेंबर, शुक्रवार

अर्नाळ्याच्या मच्छीमार सोसायटीला मशीन मिळणार आहे. तिकडच्या माणसांना शिकवायला मला न्यायचं म्हणतात. मामा छाती फुगवून सांगत होता. मी 'हो' म्हणालो. खरंच म्हणालो!

संध्याकाळी भागूबाई समोरून आली. वाट बदलेल वाटलं होतं. नाही बदलली. सरळ चालत माझ्या बाजूनं गेली. मीच कुंपणाला चिकटलो.

५ डिसेंबर, शनिवार

कबुलीजबाबाला गेलो. जाळीपलीकडे फादरांना सगळं सांगितलं. वाटलं, प्रार्थना देतील, म्हणून टाकू, मोकळे होऊ. ते म्हणाले, "तू बाईवर बालंट आणलंस ते या जाळीत का किनाऱ्यावर?"

म्हटलं, "किनाऱ्यावर."

"मग इथं काय करतोस?"

७ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

लिलावाला सगळे होते. भागूबाई लांब, सुकटीच्या मांडवापाशी बसली होती. शत्रुघ्न तिच्याजवळ. मी होडीवर चढलो. डोलकाठीला धरून उभा राहिलो. म्हणालो, "पेट्रोलात पाणी भागूबाईनं घातलं नाही. माझ्या घरात पडलं. आशीर्वादाचं पाणी, मशीन चालावं म्हणून. दोष माझा. मी—"

तेवढ्यात गर्दीतून जुलियाना ओरडली, "मी घातला! त्यांना ठाऊक नव्हता." कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. तिनं मान खाली घातली नाही. माझ्या आयुष्यात माझ्याहून धीट माणूस माझ्याच घरात राहतं, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हणालो, "आणि दुसरं. दहा दिवस मला हे ठाऊक होतं नि मी गप्प बसलो. आणि मी फिटर नाही. कधीच नव्हतो. स्टोअरच्या खिडकीत पाने देत होतो."

आता धोंडे पडतील वाटलं. मामा वाळूत बघत होता. मग हळू म्हणाला, "ता आमाला ठाऊक हाय रे. आपल्या होडीवरच्या डॉमनिकचा मेव्हना तुझ्याच वर्कशॉपात हाय. पयल्यापासून ठाऊक हाय."

"मग मशीन माझ्या हाती का दिलं?"

"तू नोकरी सोडून आलास, दिवसभर घरात बसून ऱ्हायचास. म्हटला, चार पाने तरी वळखतो." तो थांबला. "तू फिटर नाय ता ठाऊक व्हता आग्नेल. तू खोटा असशील ता ठाऊक नव्हता. म्हणून तर भागूबायचा ऐकला नाय कोनी."

मी होडीवरून उतरलो. कसा उतरलो, आठवत नाही.

८ डिसेंबर, मंगळवार

सणाचा दिवस. मिस्सा झाल्यावर भागूबाईकडे गेलो. ती दारात जाळं सांधत होती. मी पायांशी बसलो, माफी मागितली, रडलोही. तिनं सुई थांबवली नाही.

"किनाऱ्यावर बोललास ता बरा केलास," ती म्हणाली. "पन माझा किनारा येवढाच नाय. मानिकपूरला बायका इचारतात, भागूबाय, तू पानी घातलास म्हने? आचोळ्याला दोन घरा सुटली. तीस वर्सांची घरा. थय तुझा बोलना पोचला, तुझी माफी नाय पोचली."

"मी काय करू, मावशी?"

"उद्या पाटी घेऊन निघतेय. तू संगं चल. दारोदार बोल."

शत्रुघ्न आतून म्हणाला, "आये, जाऊ दे." ती म्हणाली, "का जाऊ दे?"

९ डिसेंबर, बुधवार

पहाटे निघालो. पाटी तिनं मला उचलू दिली नाही. ती पुढे, मी मागे. दारात ती पाटी उतरवी, मी हात जोडून म्हणे, "मी पाचूबंदरचा आग्नेल. भागूबाईनं पेट्रोलात पाणी घातलं असं मी बोललो, ते खोटं होतं." पहिल्या घरी आवाजच फुटला नाही, भागूबाई म्हणाली, "मोठ्यानं." दहाव्या घरापर्यंत तोंडाला सवय झाली, आणि सवय झाली याचीच लाज वाटू लागली. काही बायका हसल्या. एकीनं मला पाणी दिलं. एकीनं दार लावून घेतलं. सुटलेल्या दोन घरांपैकी एकानं बोंबील घेतले.

मग आचोळ्याला अगदी शेवटचं घर. सालोमी नावाची म्हातारी, एकटी राहणारी. भागूबाई आली की ती आत बसूनच सांगते, "दोन पापलेटं ठेव गो तिथं," आणि बाहेर येऊन बघतसुद्धा नाही. वीस वर्षं असंच चाललंय म्हणे. मी दारात उभा राहिलो आणि माझं वाक्य म्हणालो, मोठ्यानं.

म्हातारी बाहेर आली. "कसला पेट्रोल? कसला पानी? मी काय ऐकला नव्हता बाबा." मी पुन्हा सगळं समजावून सांगितलं, ते खोटं होतं हेही दोनदा सांगितलं. तिनं मान डोलावली. "असा होय. खोटा होता. बरा, बरा."

मग ती पाटीशी वाकली, एक पापलेट उचललं आणि कल्ला उघडून ताजं आहे का ते बघितलं.

भागूबाईनं पदरानं हात पुसले आणि दुसऱ्या पापलेटाचा कल्ला स्वतःच उघडून तिच्यासमोर धरला.